औषधोपचाराचा खर्च आणि अल्प उत्पन्नाच्या माणसाचा अधिकार
(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९४३ साली नेमल्या गेलेल्या आणि १९४६ साली आपला अहवाल सादर करणाऱ्या आरोग्यविषयक समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले गृहस्थ होते. आणि पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्याच कारणावरून कोणाही मनुष्यास योग्य वैद्यकीय उपचारांवाचून राहावे लागू नये, हे तत्त्व त्या समितीने आपल्या योजनेच्या मुळाशी ठेविले होते. त्याला आता पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला. तथापि ज्या घरातील मिळकत महिनाअखेरीस वाणसामानात आणि घरभाड्यात संपून जाते, त्या घरातील कर्त्या माणसाच्या छातीत कळ आली की रोगाच्या निदानाआधी अनामत रकमेचा प्रश्न उभा राहतो, आणि दागिना गहाण टाकावा की सावकाराचे दार गाठावे याचा खल रुग्णालयाच्या वाटेवरच सुरू होतो. मला आज एवढेच प्रतिपादन करावयाचे आहे की, अशा घराला मिळू शकणारे साहाय्य पुष्कळ अंशी कोणाच्या औदार्यावर अवलंबून नसून कायद्याने ठरवून दिलेले देणे आहे. आणि ते पदरात पडत नाही याचे एक मोठे कारण, ते वेळेवर व लेखी मागितले जात नाही, हे आहे.

आपल्या प्रांतात रुग्णसेवेचा पाया दानावर घातला गेला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. १८४५ सालचे मुंबईचे जे. जे. रुग्णालय काय किंवा १८६७ सालचे पुण्याचे ससून रुग्णालय काय, ती ज्यांची नावे वागवितात त्या जमशेटजी जीजीभॉय आणि डेव्हिड ससून यांच्या देणग्यांवाचून उभी राहिली नसती. परंतु पुढे विश्वस्त संस्थांची जी रुग्णालये निघाली, त्यांना दात्याच्या पैशाबरोबरच सरकारकडूनही बरेच काही मिळत गेले: कोठे नाममात्र दराने जमीन, कोठे करांत सूट, कोठे बांधकामात वाढीव मुभा. ही सवलत म्हणजे अखेर खजिन्यात न आलेला महसूल होय. आणि तो महसूल ज्या रयतेचा, तिच्यातील निर्धन माणसाने त्या रुग्णालयाच्या दारात उभे राहून आपला वाटा मागितला, तर त्यात लाजिरवाणे असे काय आहे?

हाच विचार कायद्यातही उतरला आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमात १९८५ साली ४१ कक हे कलम समाविष्ट झाले, आणि त्याची अंमलबजावणी नीट होत नाही अशी तक्रार मुंबई उच्च न्यायालयापुढे गेल्यावर न्यायालयाने २००६ साली एक सविस्तर योजनाच मंजूर केली. तीनुसार धर्मादाय रुग्णालयाने आपल्या एकूण खाटांपैकी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या, आणि रुग्णांना आकारलेल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधी म्हणून वेगळ्या खात्यात जमा करावयाची. आरंभी निर्धनासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २५ हजार रुपये आणि दुर्बलासाठी ५० हजार रुपये होती. ती वेळोवेळी वाढत जाऊन आता अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये झाली आहे. म्हणजे ज्यांना आपण निर्धन म्हणवून घेण्याचा संकोच वाटतो, असे रिक्षाचालक, दुकानातील नोकर आणि शिवणकाम करणाऱ्या भगिनीही दुसऱ्या मर्यादेत सहज बसू शकतात.

योजनेचा तपशील थोडा बारकाईने पाहण्यासारखा आहे. खाट, परिचर्या, निवासी डॉक्टरांची सेवा, नेहमीच्या तपासण्या आणि रुग्णालय जेवण पुरवीत असेल तर तेही, यांचा आकार दोन्ही वर्गांतील रुग्णांकडून घ्यावयाचा नाही. इतर सेवांचा दर त्या रुग्णालयातील सर्वांत खालच्या वर्गाचा लावावयाचा. औषधे, साहित्य आणि शरीरात बसवावयाची उपकरणे यांची किंमत रुग्णालयाच्या खरेदीच्या भावाने धरावयाची. आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी अशा रुग्णांपुरते आपले शुल्क सोडावे अशी अपेक्षा आहे. निर्धनाचे बिल निधीतून भागते. दुर्बल घटकातील रुग्णाने औषधे, साहित्य व उपकरणे यांच्या बिलाचा किमान निम्मा भाग भरावयाचा असतो. समजा हा भाग ४० हजारांचा झाला, तर घरच्यांनी निदान २० हजारांची तजवीज करून ठेविली पाहिजे. शिवाय रुग्ण अत्यवस्थ असेल, तर अनामत रकमेचा आग्रह न धरता त्यास तत्काळ दाखल करून प्राण वाचविणारे उपचार देणे, हे या रुग्णालयांवर बंधनकारक आहे.

दुसरा मार्ग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेली ही योजना २०१३ साली राज्यभर लागू झाली आणि २०१७ साली तिला सध्याचे नाव मिळाले. प्रथम पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेपुरता असलेला तिचा लाभ आता शुभ्र शिधापत्रिकाधारकांपर्यंत पोहोचला असून कुटुंबामागे वर्षाचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले आहे. मात्र येथे एक भेद ध्यानात ठेविला पाहिजे: धर्मादाय योजनेत रुग्णाचे उत्पन्न पाहिले जाते, तर या योजनेत रोगावरील उपचार ठरलेल्या यादीत आहे की नाही आणि रुग्णालय योजनेशी संलग्न आहे की नाही, हे पाहिले जाते. एका दारी नकार मिळाला म्हणून दुसरे दार बंद झाले, असे समजू नये.

आता अडते कोठे, ते पाहू. बहुतेक कुटुंबे अर्जाचा विचार करतात तो घरी सोडण्याच्या दिवशी, हाती अंतिम बिल पडल्यावर. आणि त्या वेळी रुग्ण सर्वसाधारण दराने दाखल झाला असल्याची नोंद त्यांच्या विरुद्ध जाते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नसतो, शिधापत्रिकेवर सुनेचे नाव चढविलेले नसते, आधारपत्रावरील नावाशी शिधापत्रिकेवरील नावाचा मेळ बसत नाही; आणि कागदांची ही रुजवात करण्यासाठी घरातील एक माणूस मजुरी बुडवून कचेरीच्या पायऱ्या झिजवीत राहतो. रुग्णालयांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे: एखाद्या खर्चिक शस्त्रक्रियेने निधीचा मोठा भाग एकाच रुग्णावर खर्च होतो, आणि राखीव खाटा खरोखरच भरलेल्या असू शकतात. परंतु खाट नाही किंवा निधी उरला नाही हे उत्तर तोंडी देऊन चालणार नाही. ते सहीनिशी लेखी मागण्याचा आणि त्यावर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाद मागण्याचा मार्ग मोकळा आहे, आणि तोंडी नकार देणारे पुष्कळ लोक लेखी नकार देताना पुन्हा एकदा विचार करतात, हा व्यवहारातला नेहमीचा अनुभव आहे.

म्हणून श्रोतेहो, माझे मागणे साधे आहे. घरात सर्व निरोगी आहेत अशा दिवसांत उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा आणि शिधापत्रिकेवरील नावे तपासून घ्या. रुग्ण दाखल होताच, पहिल्याच दिवशी, रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला किंवा जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. आणि आपल्यापैकी ज्यांना अशा साहाय्याची गरज नाही, त्यांनी आपल्या मंडळातून, पतपेढीतून किंवा वाचनालयातून निदान एक असा माणूस तयार करावा, जो हे नियम जाणतो आणि शेजाऱ्याबरोबर अर्जाच्या खिडकीपर्यंत जातो. देणगी देणारे आपल्याकडे पूर्वीही होते आणि आजही आहेत. आज उणीव आहे ती अर्ज लिहून देणाऱ्याची, आणि ती भरून काढणे या सभागृहातील प्रत्येकाच्या आवाक्यात आहे.