रुग्णास घास भरवितांना



महोत्सवाच्या या आनंदांत, अंथरुणास खिळल्यामुळें देवळांत येऊं न शकणाऱ्या आपल्या आप्तांचें स्मरण करूं या.

पक्षाघात किंवा कंपवात झालेल्या पुष्कळ रुग्णांस नीट गिळतां येत नाहीं. गिळतांना श्वासनलिकेचें द्वार मिटावें लागतें. तें वेळेवर न मिटल्यास अन्नपाणी फुप्फुसांत उतरून न्यूमोनिया होऊं शकतो. ठसका, जेवणानंतर ओलसर घोगरा आवाज, गालांत सांचलेलें अन्न, हीं त्याचीं चिन्हें होत. कित्येकांस ठसकाही येत नाहीं. म्हणून तपासणी करून घ्यावी.

आपण मायेनें निजलेल्या रुग्णाच्या मुखांत पाणी घालतों. परंतु पातळ पाणी वेगानें घसरतें, म्हणून तेंच पुष्कळदां घातक ठरतें. रुग्णास ताठ बसवावें. तो पूर्ण सावध असतांनाच लहान चमच्यानें भरवावें. एक घास गिळल्यावांचून दुसरा देऊं नये. नंतर अर्धा तास बसवून ठेवावें व तोंड स्वच्छ करावें. पेज किती दाट असावी, हें वाचा-उपचारतज्ज्ञांस विचारावें.

ख्रिस्तप्रसाद घेतांनाही अशा रुग्णांस धास्ती वाटते. ख्रिस्तशरीराचा लहानसा अंशही संपूर्ण ख्रिस्तच होय. आणि १९८३ च्या कॅनन कायद्याच्या ९२५ व्या कलमान्वयें, गरज पडल्यास केवळ द्राक्षारसाच्या रूपानेंही तो देतां येतो. मात्र द्राक्षारसही पातळच. म्हणून डॉक्टरांचा सल्ला घेऊन फादरांस आधीं कळवावें.

भरविणाराही थकतो. घरांतील दोघातिघांनीं ही रीत शिकून घ्यावी, म्हणजे घाई होणार नाहीं. प्रभु आपणां सर्वांस तेवढा धीर देवो.