जामखेड : आरोग्य गावाच्या हाती



आपल्या नाशिक विभागातल्याच जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. मुलूख दुष्काळी, जन्मलेल्या हजार बालकांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. प्रारंभी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठविल्या. तो प्रयोग फसला. परक्या तरुणीचे गाव ऐकेना. तेव्हा गावानेच निवडलेली स्त्री आरोग्यसेविका झाली. बहुधा निरक्षर, अनेकदा दलित. ती जामखेडला येऊन शिके आणि गावी परतून बाळंतपणे करी, जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी पाजी. जिच्या हातचे पाणी घराला चालत नव्हते, तिच्याच हाती घरची लेक प्रसूतीसाठी सोपवावी लागली. समरसतेची शंभर भाषणे एकीकडे आणि असे एक बाळंतपण एकीकडे! १९७६ साली बालमृत्यूंचा तो आकडा ५२ वर आला.

आरोळे दांपत्य ख्रिस्ती होते. तेवढ्यावरून या कामाकडे पाठ फिरविणारा कार्यकर्ता स्वतःचेच नुकसान करील. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर फिरता दवाखाना नेणाऱ्यांनी मात्र पुरस्कारापेक्षा तो फसलेला प्रयोग अभ्यासावा. गाडी सायंकाळी परत फिरते. रात्री एखादे लेकरू तापाने फणफणले तर त्या पाड्यावर कोणाचे दार ठोठवायचे, ते आधी ठरवावे.