केसपेपरवरील दुसरे नाव
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रात माझा अधिकार नाही. तथापि नोंदणीकक्षात जे नित्य दिसते, ते आपणांसमोर मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. विवाहास सहा वर्षे झालेली. पिशवीत सुनेच्या तपासण्यांची जाडजूड फाईल होती. मुलाच्या नावाचा मात्र एकही कागद नव्हता. "त्याला काय झालंय? चांगला धडधाकट आहे," असे त्या म्हणाल्या. पुढे त्याची वीर्यतपासणी झाली आणि दोष तेथेच आढळला. त्या मुलीने सहा वर्षे जे बोल सोसले, त्यांची भरपाई कोणत्या खात्यातून करावयाची?

अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण, एकटे अथवा स्त्रीकडील कारणासह, असते. त्यांतील एक महत्त्वाचे कारण म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताण. आमच्या डॉक्टरांनी मला ते समजावून दिले. मी ते जमाखर्चाच्या भाषेत सांगतो.

पेशी प्राणवायू वापरतात, तेव्हा काही अतिक्रियाशील रेणू निर्माण होतात. हा खर्च. त्यांना निष्प्रभ करणारी अँटिऑक्सिडंट द्रव्ये ही जमा. थोडा खर्च आवश्यकच असतो. शुक्रजंतूला फलनाची क्षमता येण्यास हेच रेणू अल्प प्रमाणात साहाय्य करतात. परंतु खर्च जमेपेक्षा वाढला की तूट येते. त्यात शुक्रजंतूची शिल्लक मुळातच तुटपुंजी. त्याच्या पेशीत संरक्षक द्रव्ये फार थोडी, आणि आवरण मात्र प्राणवायूने सहज बिघडणाऱ्या मेदाम्लांचे. आवरण बिघडले की गती मंदावते. आतील डीएनए तुटला की गर्भधारणेत अडथळा येतो आणि गर्भपाताचा संभवही वाढतो. अतिरिक्त प्राणवायूत शुक्रजंतूंची गती नष्ट होते, हे अमेरिकन संशोधक जॉन मॅक्लिओड यांनी १९४३ मध्येच दाखविले होते.

ही तूट वाढविणारी कारणे आपल्या परिचयाची आहेत: धूम्रपान, तंबाखू, लठ्ठपणा, जननमार्गातील जंतुसंसर्ग, भट्टीसारख्या ठिकाणची सततची उष्णता, तसेच वृषणाजवळील शिरा फुगण्याचा व्हेरिकोसील हा विकार. यांपैकी बहुतेकांवर उपाय आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना. 'शक्तिवर्धक' अँटिऑक्सिडंट गोळ्यांवर कुटुंबे मोठा पैसा खर्च करतात. २०२० मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत २,३७० जोडप्यांतील पुरुषांना सहा महिने जस्त व फॉलिक ॲसिड अथवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. अपत्यजन्माच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविना अशी खरेदी करू नये. प्रथम कारण शोधावे, व्यसन सोडावे आणि धीर धरावा. नवे शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे सुधारणा झाली की नाही, हे साधारणतः तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी केल्यावरच कळते.

वीर्यतपासणी सोपी आहे. तीत टोचणे नाही, भूल नाही, आणि स्त्रीच्या अनेक तपासण्यांपेक्षा ती स्वस्तही आहे. असे असूनही ती सर्वांत शेवटी होते, याचे कारण वैद्यकीय नसून संकोच हे आहे. म्हणून आपल्या रुग्णालयात अशा केसपेपरवर पती व पत्नी या दोघांचीही नावे पहिल्याच दिवशी लिहिली जातात, आणि नमुना देण्यासाठी स्वतंत्र, बंद खोली ठेवली आहे. ही खोली देणगीदारांच्या साहाय्यातून उभी राहिली, याची कृतज्ञ नोंद येथे करतो.

येथे उपस्थित असलेल्या माता-पित्यांना माझी हात जोडून एकच विनंती आहे. सुनेला घेऊन याल, तेव्हा मुलालाही सोबत आणा. त्यात त्याचा कमीपणा नाही. उलट एका निरपराध मुलीच्या नावे वर्षानुवर्षे चुकीने टाकलेली नोंद त्यामुळे दुरुस्त होऊ शकेल.