एका दिवसाची चूक

पुण्यातील एखादी आई मुलाच्या शाळाप्रवेशाचा अर्ज संगणकावर भरते. जन्मतारीख १५ ऑगस्ट अशी काळजीपूर्वक निवडते, आणि अर्ज छापून हाती येतो तेव्हा त्यावर १४ ऑगस्ट उमटलेली असते. आई स्वतःला दोष देते, कारकून आईला देतो. वस्तुतः दोघेही निर्दोष असतात. या चुकीचे मूळ पुष्कळदा जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेच्या जन्मकाळच्या घाईत सापडते.

ही भाषा अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ सालच्या मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत उभी केली. जावा ही दुसरी भाषा त्या वेळी मोठ्या कौतुकाचा विषय होती. नव्या भाषेचे रूप तिच्यासारखे दिसावे, असा वरिष्ठांचा आग्रह. तेव्हा जावातील 'डेट' नावाची कालगणना तिच्या साऱ्या खोडींसकट उचलली गेली. तीत जानेवारी हा शून्य क्रमांकाचा महिना आणि डिसेंबर अकराव्या क्रमांकाचा. तारखांची मोजणी मात्र एकपासून! सालाचा आकडा १९०० वजा करून मिळे. त्यामुळे २००० साल उजाडताच कित्येक संकेतस्थळांवर '१९१००' असे अजब वर्ष झळकले. पुढे १९९७ सालीच जावाने या रचनेचा बराचसा भाग त्याज्य ठरविला आणि २०१४ मध्ये नवी कालगणना स्वीकारली. मूळ धन्याने खोटे म्हणून बाजूला टाकलेले नाणे उसने घेणाऱ्याच्या कनवटीला मात्र तसेच राहिले. ते फेकून तरी कसे द्यावे? पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेले पृष्ठही आज उघडले पाहिजे, हा या क्षेत्राचा दंडक आहे.

खरी मेख निराळीच आहे. 'डेट'ला तारीख अशी ठाऊकच नाही. तिला ठाऊक आहे तो केवळ क्षण. जागतिक प्रमाणवेळेनुसार १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद लोटले, एवढाच आकडा ती जपून ठेवते. पण जन्मतारीख म्हणजे काही क्षण नव्हे. पुण्यात १५ ऑगस्टची मध्यरात्र होते, तेव्हा जागतिक प्रमाणवेळेने १४ ऑगस्टचे १८:३० झालेले असतात. अर्ज त्या वेळेत रूपांतरित होऊन दूरच्या संगणकाकडे जातो, तेथे तास-मिनिटे छाटली जातात, आणि मुलाचे वय एका दिवसाने वाढते. याच्या उलटही घडते. '२०१५-०८-१५' असा मजकूर वाचताना 'डेट' ती जागतिक मध्यरात्र समजते. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, म्हणजे तारीख बरोबरच दिसते. न्यू जर्सीत मात्र आदल्या दिवसाची रात्र असते. परिणामी पुण्यातील प्रोग्रामरला स्वतःच्या टेबलावर ही चूक कधी दिसतच नाही. ती दिसते समुद्रापलीकडे बसलेल्या त्याच्या बहिणीला.

या दुखण्यावर 'टेम्पोरल' नावाचा उपाय योजला गेला आहे. जावास्क्रिप्टचे नियम ठरविणाऱ्या टीसी ३९ या समितीपुढे तो २०१७ साली आला आणि २०२१ मध्ये त्याचे स्वरूप बहुतांशी निश्चित झाले. पुढेही वेळ लागलाच, कारण काळाच्या नोंदीत प्रदेशाचे नाव कसे लिहावे याचा सर्वमान्य संकेत २०२४ मध्ये सिद्ध झाला. फायरफॉक्सने मे २०२५ मध्ये आणि क्रोमने २०२६ च्या आरंभी टेम्पोरल आपल्या ब्राउझरात आणले.

त्यातील मुख्य गोष्ट ही की, भिन्न वस्तूंना भिन्न नावे मिळाली. नुसती तारीख म्हणजे 'प्लेनडेट'. तिला ना घड्याळ, ना देश. क्षण म्हणजे 'इन्स्टंट'. स्थळासह वेळ निराळी, कालावधी निराळा. जन्मतारीख 'प्लेनडेट'मध्ये ठेवली की ती पुण्यात आणि न्यू जर्सीत एकच राहते. कर्जाच्या हप्त्यांचा हिशेबही सुधारतो. ३१ जानेवारी २०२५ ही तारीख जुन्या पद्धतीने एक महिना पुढे ढकलली, तर फेब्रुवारी ओलांडून थेट ३ मार्च येते. टेम्पोरल २८ फेब्रुवारीवर थांबते. शिवाय बेरीज केल्यावर मूळ तारीख अबाधित राहून नवी तारीख वेगळी मिळते. जुन्या पद्धतीत मूळच बदलून जाई, आणि एकाने केलेला बदल दुसऱ्याच्या हिशेबात नकळत शिरे.

भारतीयांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवशी, भारत सरकारने शक संवताची राष्ट्रीय दिनदर्शिका अंगीकारली. टेम्पोरलने मान्य केलेल्या कालगणनांत ती 'इंडियन' या नावाने आहे. २२ मार्च २०२५ ही तारीख तीत १ चैत्र १९४७ अशी वाचता येते. पण ही गणना सौर आहे. चंद्राच्या कलांवर चालणारी तिथी, अधिक मास किंवा क्षयतिथी यांना त्या यादीत जागा मिळालेली नाही. गणेश चतुर्थी कोणत्या दिवशी येते, हे पाहण्यासाठी प्रोग्रामरलाही घरातले पंचांगच उघडावे लागते.