युरियाच्या गोणीतला वायू

शेतात पडणारा युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो. अलिबागजवळ थळच्या कारखान्यात हेच चालतं: वायूतून काढलेला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन प्रचंड दाबाखाली, साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला एकत्र आणून अमोनिया, मग त्यापासून युरिया. म्हणजे ताटात पोळी येण्याआधीच बरंच इंधन खर्ची पडलेलं असतं. पुढचा भाग जास्त काळजीचा. पिकाला न लागलेल्या नत्राचा काही अंश जमिनीतले जिवाणू नायट्रस ऑक्साइडमध्ये बदलतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ घडवतो.

तूर, हरभरा, मूग यांचं तसं नाही. त्यांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हवेतलाच नत्र पिकाला मिळवून देतात. वरून नत्रखत फार थोडं लागतं. विदर्भात कपाशीत तुरीच्या ओळी घालतात, त्या शहाणपणाचं मोल आपण पुरेसं ओळखलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

स्वयंपाकघरातही करण्यासारखं आहे. डाळ अर्धा तास आणि अख्खे हरभरे रात्रभर भिजवा, शिजायला गॅस कमी लागतो. कुकरला पुरता दाब आला की आच मंद करा. आतलं तापमान तेवढंच राहतं.