माशांच्या अवशेषांतून कोळंबीचे अन्न



छत्रपती संभाजीनगरापासून समुद्र फार दूर. तेव्हा कोळंबीच्या शेतीची चर्चा येथे कशास, अशी शंका कोणी घेईल. परंतु ज्याने मराठवाड्यात मुरघास पाहिला आहे, त्याच्या हाती या विषयाची किल्ली आधीच आलेली आहे.

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाडीकाठच्या तळ्यांत कोळंबी वाढवितात. ‘व्हनामी’ या परदेशी जातीस २००९ साली परवानगी मिळाली, तेव्हापासून या धंद्यास जोर आला. त्यात निम्मा किंवा त्याहूनही अधिक खर्च खाद्यावर होतो. खाद्यातील प्रथिनांसाठी तारलीसारखी लहान मासळी वाळवून तिची कुटी करतात. म्हणजे गरिबाच्या ताटातील मासळी निर्यातीच्या कोळंबीपुढे जाते!

उलटपक्षी, मासळीच्या कारखान्यांतून डोकी, काटे व आतडी यांचे ढीग बाहेर पडतात. काटे काढून तुकडे केले, तर माशाचे जवळजवळ निम्मे वजन टाकाऊ ठरते. हे अवशेष प्रथिनयुक्त असतात, पण काही तासांतच नासतात.

येथे मुरघासाचे तत्त्व उपयोगी पडते. दाबलेला चारा आंबून आम्ल होते व कुजविणारे जंतू थांबतात. आम्लाने चारा टिकविण्याची रीत शोधणारे फिनलंडचे व्हिर्तानेन यांस १९४५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वाटलेल्या अवशेषांत शेकडा तीनच्या सुमारास फॉर्मिक आम्ल मिसळले, की माशाच्या आतड्यातील पाचकद्रव्येच मांस विरघळवितात. तो पातळ राब भुशात मिसळून वाळविता येतो. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलसंवर्धन संस्थेनेही अशा अवशेषांपासून ‘प्लँक्टन प्लस’ हे द्रव्य सिद्ध केले आहे.

तथापि सावधगिरी हवी. कच्चे अवशेष तळ्यात टाकल्यास पाण्यातील प्राणवायू घटतो. कोळंबीचेच अवशेष कोळंबीस घालणे तर घातक. १९९४ च्या सुमारास भारतात आलेला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्यातून पसरू शकतो. यास्तव अवशेष उकळले पाहिजेत. शिवाय काट्यांतील राख जास्त असल्यामुळे कुटीची जागा त्यांनी पूर्णपणे नव्हे, अंशतःच घ्यावी.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग कवचधारी प्राण्यांचा होय, माशांचा नव्हे. म्हणून पैठणच्या नाथसागरातील रोहू-कटल्याचे अवशेष या कामास अधिक निर्धास्त ठरतात. मात्र ते बाजारातच, ताजेपणी, इतर केरापासून निराळे ठेवले गेले पाहिजेत. एवढी व्यवस्था नगरांनी केली, तर आपल्या येथील मासळीबाजारही कोकणच्या तळ्यांस अन्न पुरवू शकेल.