बाकावरची वीस मिनिटं

(दहावी 1987 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेलं मनोगत)



समोर इतके ओळखीचे चेहरे पाहून, मॅचच्या आधी व्हायचं ना, तसं पोटात होतंय. आताच माझी ओळख ‘बास्केटबॉलची प्रशिक्षक’ अशी करून दिली. नागपुरात अजूनही लोक विचारतात, ‘ते ठीक आहे ताई, पण नोकरी कुठे करता?’

तर नोकरी हीच! विद्यापीठापर्यंत खेळले, पतियाळाच्या एनआयएसमधून प्रशिक्षणाचा डिप्लोमा केला आणि गळ्यात शिट्टी अडकवली, ती आजतागायत. सकाळी साडेपाचला मैदान, संध्याकाळी पुन्हा मैदान. सुरुवातीची कित्येक वर्षं अकरा महिन्यांच्या करारावर काढली. संघ जिंकला तर करार पुढे, नाही तर रामराम.

आपल्या वेळचा खेळही आता राहिला नाही. तेव्हा वीस मिनिटांचे दोन हाफ असायचे आणि बास्केट करायला तीस सेकंद मिळायची. 2000 पासून दहा मिनिटांचे चार क्वार्टर झाले आणि तीसची चोवीस सेकंद. तीन गुणांची रेषा 2010 मध्ये 6.25 मीटरवरून 6.75 वर गेली. आपल्या शाळेच्या मैदानावर तर ती आखलेलीच नव्हती! रिंग तेवढी दहा फुटांवरच आहे.

आता जे सांगायला उभी राहिले, ते सांगते.

आपल्या दहावीच्या वर्षीची आंतरशालेय फायनल आठवते? पहिल्या हाफमध्ये माझा पाय मुरगळला. ‘मी खेळते, सर’ म्हणून मी रडले, भांडले. सरांनी दुसरा हाफ, पूर्ण वीस मिनिटं, मला बाकावर बसवलं. आपण तीन गुणांनी हरलो. मी पंधरा दिवस सरांशी बोलले नाही. सरही काही बोलले नाहीत. मधल्या सुट्टीत मावशींच्या हातून बर्फ मात्र रोज पाठवत राहिले.

पुढे मी कोच झाले. एका वर्षी करार संपत आला होता आणि आमचा संघ फायनलला होता. माझी सगळ्यात चांगली खेळाडू, सोळा वर्षांची, म्हणाली, ‘मॅडम, गुडघा दुखतोय.’ मी विचारलं, ‘खेळशील ना?’ सोळा वर्षांची मुलगी या प्रश्नाला ‘नाही’ म्हणत नसते, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

रिबाउंड घेऊन खाली येताना तिचा गुडघा आत वळला. लिगामेंट तुटलं. आम्ही जिंकलो, माझा करार वाढला. तिचं ऑपरेशन झालं. ती पुन्हा कोर्टवर उतरली नाही. दवाखान्यात तिच्या आईनं मला चहा विचारला. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी पुन्हा शिकायला बसले. उड्यांच्या खेळात ही दुखापत मुलांपेक्षा मुलींना जास्त होते. गुडघे वाकवून, आत न वळू देता, हलकं उतरायला शिकवलं तर ती बरीच टाळता येते. आज माझ्याकडे सरावाची पहिली पंधरा मिनिटं चेंडू बाहेरच काढत नाही, आधी उडी मारून नीट उतरायचं. आणि दुखऱ्या पायाच्या मुलीला ‘खेळशील का?’ असं मी विचारत नाही. तो निर्णय माझा. हरलो तर तेही माझ्या नावावर. मुली रुसतात, पालक चिडतात, एक-दोन करारही त्यापायी गेले. रुसलेल्या मुलीला मी बर्फ पाठवते.

सर, आज तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. त्या पंधरा दिवसांच्या अबोल्याची माफी मागायची राहिली होती, ती मागते. आणि त्या वीस मिनिटांसाठी, फार उशिरा, तुमचे आभार मानते.